खंडेनवमीचा लॅपटॉप

...आणि वर मलाच विचारतात, "बाबा, लॅपटॉपवर अक्षता कोण टाकतं?" अहो, तुम्हीच सांगा, खंडेनवमीला मशीनवर नाही टाकायच्या तर कुठे टाकायच्या? गिरणीत होतो तेव्हा दर वर्षी मागाची पूजा केली. हळदकुंकू, झेंडू, अक्षता... कधी माग तडकला नाही! इथे मी आपला लॅपटॉप हळूच उघडला, बटणांवर चार दाणे वाहिले, हात जोडले. तेवढ्यात आमचा सुयोग आला आणि बघितलं न बघितलं, दाबून झाकण लावलं. गेली काच! बंद केला मुलाने, फोडला म्हणे बापाने! पण मला कोण विचारतंय?

तुम्हाला सांगतो, त्या लॅपटॉपशी माझं काम एकच. रविवारी सकाळी आमची दिशा कॅनडाहून व्हिडिओ कॉल लावते, तिची गंधाली मला नवे दात दाखवते आणि मी तिला कवळी काढून दाखवतो. पोर खदखदून हसते. बस, एवढंच! माझा फोन बटणांचा, त्यात कुठली नात दिसायला?

सुयोग म्हणाला, "विंडोज जड झालंय, लिनक्स टाकतो. पळायला लागेल." अरे, फुटली काच ना? पाय मोडलेल्याला हा पोटाचं औषध देतोय! तर म्हणे, "तुम्हाला नाही कळायचं, बाबा. फुटका स्क्रीन काढून टाकायचा, टीव्हीला वायर जोडायची... झकास!" आणि काढला की हो, पार मुंडकं उडवल्यासारखा! उरला नुसता बटणांचा पाट.

रविवारी टीव्ही लागला. माझी बायको शकू कुरकुरली, "माझी कालची मालिका राहिलीये." पण गंधाली टीव्हीभर! एकेक दात पाटीएवढा! मी झटकन कवळी काढली...

पोर हसायच्या ऐवजी इकडेतिकडे शोधायला लागली. "आजोबा कुठेयत?"

कॅमेरा कुठे होता माहितीये? त्या काढलेल्या झाकणात! गेला भंगारात! सुयोग म्हणतो, "नवा मागवलाय, तोवर कॉलवर तुमचा फोटो लावतो." लावला कुठला? तर देवळातला, कपाळाला गंध, डोळे मिटलेले. आता गंधालीच्या घरी तिचे दुसरे आजोबा असेच भिंतीवर असतात, हार घालून. पोरीने माझ्याकडे नीट बघितलं आणि हात जोडले! "आई, ह्या आजोबांना पण हार घाल ना."

मी ओरडलो, "अगं बाळा, मी गेलो नाही गं! मुलुंडलाच आहे!"

"आई, फोटो बोलतोय!" म्हणत ती दिशाच्या मागे लपली.

मी हवालदिल, आणि शकू काय म्हणते? "नमस्कार तरी केला पोरीने. जिवंतपणी कधी केलान?"

शेवटी हात वर करून आशीर्वाद दिला. कवळी परत एकदा काढून दाखवली. तिला दिसत नाही, ठाऊक आहे हो... पण मला कोण विचारतंय?