मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी

तस्नीम : ...आणि ही चिठ्ठी आपल्याच हातची ना, सर? काल दाखल झालेल्या कल्पेशच्या खिशात सापडली. 'सारसोळ्याच्या बायजाबाईंकडून मुळी बांधून घ्या. तीन आठवड्यांनी दाखवा.'

जयदेव : माझीच. कावीळ बहुतेकांची आपोआप उतरते, तस्नीम. गळ्यात मुळी असली की माणूस निमूट पथ्य पाळतो, दारूला शिवत नाही. यात कुणाचं काय बिघडतं?

तस्नीम : कल्पेशचं बिघडलं. त्याच्या पित्तनलिकेत खडा अडकला होता. तीन आठवड्यांत तिथे पू झाला, विष रक्तात उतरलं. खडा मी सकाळी काढला. पण मूत्रपिंडं थांबली आहेत. तो वाचेल, असं त्याच्या बायकोला, चंदाला सांगायला मी धजावले नाही.

जयदेव : सोनोग्राफी करून घ्यायला हवी होती. मान्य.

तस्नीम : परवा वाशीच्या परिषदेत पुराव्यावर आधारलेल्या वैद्यकाविषयी आपण चाळीस मिनिटं बोललात. परंपरेचा आदर राखावा, असंही म्हणालात. मी टिपणं घेतली आहेत. आदर म्हणजे न तपासण्याची सवलत, ही व्याख्या मात्र त्यांत सापडत नाही.

जयदेव : उपहास पुरे. वीस वर्षं मी त्यांच्याकडे रुग्ण पाठवतोय. एकाचीही तक्रार आली नाही.

तस्नीम : जे परत आलेच नाहीत, त्यांची तक्रार कोण आणणार?

जयदेव : आणि त्या बाईंची काहीच जबाबदारी नाही? शेवटी मुळी त्यांनी बांधली.

तस्नीम : त्या बाहेरच बसल्या आहेत. विचारा. या, मावशी.

(बायजाबाई आत येतात. मुठीत कल्पेशच्या गळ्यातून काढलेली मुळी.)

बायजाबाई : कसा हाय तो, बाय? काल थंडी वाजून ताप भरला, तशी मीच रिक्षात घालून आनला त्याला.

तस्नीम : अजून काही सांगता येत नाही. मावशी, मुळी बांधण्याआधी तुम्ही माणसाला काही विचारता?

बायजाबाई : इचारते ना. सासूनं शिकवलंय. अंगाला खाज सुटते का, संडास शाडूच्या मातीसारखी पांढरी होते का. हो बोलला, तर ती कावीळ आपली नाय. हात नाय लावायचा, हास्पिटलात धाडायचा. दहा-बारा जनांना धाडलंय तसं.

जयदेव : मग कल्पेशला का नाही विचारलंत?

बायजाबाई : त्याच्या हातात तुमची चिठ्ठी होती, डाक्टर. तुमी बगूनच धाडला असंल, म्हनून इचारलं नाय.