शनिवारी मशीन मिळणार नाही

सभेचे अध्यक्ष आणि आपले सरपंच नानासो, व्यासपीठावर बसलेले देवस्थानचे पंच लालासाहेब, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत त्या दवाखान्यातल्या नर्सबाई राहीबाई कांबळे, आणि समोर बसलेल्या आयाबहिणींनो व गावकरी मंडळींनो,

मी भाषण करणारा माणूस नव्हे. वडूजला हॉटेलात कपबशा विसळत होतो, तिथं एक चेपलेला कर्णा स्वस्तात मिळाला, त्यावर माझा संसार उभा राहिला. पंधरा वर्षं तुमच्या लग्नाकार्यात गाण्याची मशीन लावतोय. आज गुरुजींची एसटी चुकली, म्हणून नानासो म्हणाले, "केरू, लोकांचा आवाज लय मोठा केलास गड्या, आज तुझा ऐकू दे." मोठ्या माणसाचा शब्द मोडवत नाही.

बाईंनी सहा वर्षांत इथं किती बाळंतपणं केली? समोर मांडीवर बसलेली निम्मी पोरं त्यांच्याच हातावर आलेली. शाल दिली, नारळ दिला, योग्यच झालं. हारही झकास आहे, दहिवडीहून आणलाय.

पण मंडळी, माझे कान जरा तिखट आहेत. धंद्याला तसे लागतातच. आखाडाच्या अमावस्येला लालासाहेबांच्या अंगणात मी देवीची गाणी लावली होती. त्यांची सून बनू, नवरा मुंबईला गिरणीत. तिला झटके येतात, दातखीळ बसते. घरचे म्हणाले, बाहेरची बाधा. देवऋषी आला. आत मिरच्यांची धुरी आणि वेताची छडी. मला सांगणं आलं, "केरू, आवाज वाढीव."

मी वाढवला.

गाण्याखाली काही ऐकू येत नाही, असं तुम्हाला वाटत असेल. येतं. रेकॉर्ड बदलताना तर चांगलंच येतं. "आवं मामंजी, मेले वं!" ऐकलं, आणि घाईघाईनं दुसरी रेकॉर्ड लावली. समोरच्या ओट्यावर चौघं पान खात होते. एक म्हणाला, "देवाचं काम हाय, आपण मधी पडू न्हाई." मीही मान हलवली. देवाला एवढा आवाज कशाला लागतो, हे मला तेव्हा सुचलं नाही, की मी सुचू दिलं नाही?

तेवढ्यात बाई आल्या आणि त्यांनी माझ्या बॅटरीची वायर उपटली. "केरूभाऊ, आता सगळ्यांना ऐकू द्या." त्या घरात कांबळ्यांना उंबरा ओलांडता येत नाही, हे तुम्ही जाणताच. बाहेर उभ्या राहून तासभर बोलल्या, "हे फेफरं आहे, भूत नाही." शेवटी बनूला घेऊनच गेल्या. गोळ्या सुरू झाल्या. चार महिने एक झटका नाही.

मग गावानं अर्ज केला. बाई देवाधर्मात ढवळाढवळ करतात, बदली व्हावी. झाली, सांगलीला, विश्रामबागेत. त्या अर्जावर माझी सही आहे. नानासो, खाकरू नका, तुमची माझ्या सहीच्या वरच आहे.

गेल्या आठवड्यात सासूनं गोळ्या उकिरड्यावर टाकल्या. पुन्हा झटका आला. आडावर बनू माझ्या बायकोला, रंगूला म्हणाली, "वैनी, या बारीला न्हाई वाचत मी." बाई उद्या सकाळी निघतात. परवा शनिवारी अमावस्या. देवऋषी येणार, आणि मशीन माझीच सांगितली आहे.

मी अजून नाही म्हटलेलं नाही. त्यांच्या अंगणात एकटा गेलो असतो, तर मान हलवून मशीन लावली असती. म्हणून इथं, चारचौघांत म्हणतो. लालासाहेब, शनिवारी मशीन मिळणार नाही. मंडळी, त्या दिवशी बनूचं ओरडणं तुमच्या चुलीपर्यंत येईल. मी त्या दारात उभा राहीन. देवऋषीला भितो, लालासाहेबांना भितो. पण तुम्ही दारं लावून घ्याल, याची भीती सगळ्यांत मोठी.

बाई, गोळ्यांची पुडी आणली आहे ना? सगळ्यांदेखत द्या. रोज आडावर बनूला एक गोळी द्यायची, एवढंच काम. आमची रंगू देईल. पण एकटीला तिथं कोण टिकू देईल? आणखी कोण?

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. तोल सुटून काही अधिक-उणं बोललो असेन, तर अडाण्याचं म्हणून पोटात घाला. लालासाहेब उठलेत, त्यांना वाट द्या. आयाबहिणींनो, तुम्ही मात्र बसा. आमच्या रंगूचा हात वर आहे. अजून तो एकटाच आहे.