ताईचा सोफा, भाऊजींचा भाव

…नाही, भाव उतरतो म्हणजे नक्की काय होतं, हे मला कुणीतरी समजावून सांगा. कुठून उतरतो तो? जिना आहे का त्याला? कारण आमचे भाऊजी त्या जिन्याच्या पायथ्याशी बसून आहेत, नवीन घर झालं त्या दिवसापासून, आणि वर बघत एकच सांगतायत, "थांब जरा, भाव उतरेल." भाव नाही उतरला. ताईचं वजन उतरलं, घराच्या भिंतीचा नवा रंग उतरला, माझ्या टेम्पोची रया उतरली… भाव आपला वरच्या पायरीवर पाय हलवत बसलाय.

तुम्हाला सांगतो, माझा स्वभाव कुरकुरा नाही. आणि भाऊजींबद्दल तर मी बोलूच शकत नाही. बहिणीचा नवरा, त्यातून थोरल्या बहिणीचा, म्हणजे मान खाली आणि 'हो भाऊजी', हे आम्हाला बाळकडूतून पाजलेलं. म्हणून तर तुमच्यापाशी बोलतोय. तुमचं काय, ऐकाल आणि घरी जाल. जाऊन सोफ्यावर बसाल. बसा बाबांनो, नशीब काढलंत.

तर आमची ताई. ताई शाळेत शिकवायची, अगदी लहान मुलांना. आता लहान मुलांची बाई कधी खुर्चीत बसते का? बसली की वर्गाचा बाजार झालाच. उभं राहण्यात तिचा जन्म गेला. घरी आली की ओट्यापाशी उभी. भाड्याच्या खोलीत बसायला जागा म्हणजे जमीन, दिवसा सतरंजी, रात्री गादी, पाहुणे आले की सतरंजीवर चादर. नोकरी संपली तेव्हा डॉक्टरांनी गुडघे दाबून बघितले आणि म्हणाले, "बाई, झीज बरीच आहे. मांडी घालणं बंद. जमिनीवर बसणं बंद." ताई म्हणाली, "मग बसू कशावर?" डॉक्टर हसले. त्यांना वाटलं, बाई विनोदी आहेत.

त्याच सुमाराला ताई-भाऊजींचं घर झालं. स्वतःचं. दोन खोल्या, पण खिडकी अशी की अख्खी दुपार आत येऊन बसेल. ताईने काही म्हणजे काही मागितलं नाही. जुनेच पडदे आखूड करून लावले, भांडी तीच, डबे तेच. एवढंच म्हणाली, "अहो, खिडकीपाशी एक सोफा घेऊ या. साधाच. हातांवर भार देऊन उठता येईल असा."

आणि भाऊजी म्हणाले… बरोबर. तेच म्हणाले.

भाऊजी वाईट माणूस नाही हो. व्यसन नाही, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पण जन्म गेला कारखान्याच्या खरेदी खात्यात. काम काय, तर खिळा घ्यायचा असला तरी चार ठिकाणचे दर मागवायचे, चौघांना झुलवायचं, आणि सगळ्यात खाली येईल त्याच्याकडून घ्यायचा. वरचे साहेब पाठ थोपटायचे. मग निवृत्त झाले. टेबल गेलं, फोन गेला, "साहेब, जरा आमचंही बघा" म्हणणारे व्यापारी गेले. झुलवायला उरलं कोण? सोफा उरला. आणि सोफ्याच्या मागे ताई.

त्यांची दुकानात शिरायची तऱ्हा तुम्ही बघायला हवी होती. चेहरा असा, की कुणाच्या तरी मर्तिकाला आलेत. सोफ्याकडे सरळ बघायचंच नाही, जाता जाता अंगठा खुपसायचा, टिचकी मारायची, विचारायचं, "हे लाकूड आहे?" दुकानदार म्हणायचा, "अस्सल सागवान, साहेब." "असं तुम्ही म्हणता." मग भाव विचारायचा, नाकातून हसायचं आणि दाराकडे चालू लागायचं. सावकाश. कारण मागून हाक येते ना. "अहो साहेब, थांबा तरी, तुमचं काय म्हणणं आहे?" हाक यायची, भाव खाली यायचा. मग घेतला का? छे. भाऊजी बाहेर येऊन मला म्हणायचे, "बघितलंत मेहुणे? नुसत्या पाठमोऱ्या चालण्यावर एवढा उतरला. म्हणजे मुळात किती फुगवलेला असेल!" भाव नाही उतरला तर उतरेपर्यंत थांबायचं, आणि उतरला तर अजून उतरेल म्हणून थांबायचं. आता मला सांगा, या हिशेबात सोफा घरात येतो कुठून?

मी तिथे काय करत होतो? माझा टेम्पो आहे ना, त्याचीच शिक्षा. "आज ठरणार, गाडी घेऊन या." दर रविवारी टेम्पो रिकामा जायचा आणि रिकामा यायचा. नाही, रिकामा कसा म्हणू, ताई असायची माझ्या शेजारी. एकदा म्हणाली, "तुझ्या गाडीची सीट छान आहे रे." ती सीट फाटकी आहे हो.

घरी खुर्ची नव्हती का, असं मनात आलं असेल तुमच्या. होती. घडीची, मीच दिलेली. नव्या गुळगुळीत फरशीवर ती अशी सरकायची, एकदा ताईला घेऊनच सरकली, तेव्हापासून ताई तिच्या वाटेला गेली नाही. आणि पलंग? पलंगाचाही भाव उतरायचा होता ना. तर पुन्हा सतरंजी. डॉक्टरांनी बंद केलेली.

मधे एक जुन्या सामानाची जाहिरात आली. कुणीतरी परदेशी कायमचं चाललंय, सगळं सामान काढायचंय. भाऊजी चप्पल घालायलाही थांबले नाहीत, गाडीत घातली. गेलो. मोठं घर, सगळीकडे खोकी, आणि दिवाणखान्यात सोफा. काय सोफा होता… रुंद हातांचा, ताईला हवा तसाच. फक्त त्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मालकाचे वडील. मुलगा म्हणाला, "बघून घ्या, बाबा उठतीलच आता." बाबा उठेनात. भाऊजींनी चारी बाजूंनी वाकून बघितलं, बाबांच्या मांडीच्या बाजूला अंगठा खुपसला, भावावर आले. तेवढ्यात ताईने त्या म्हाताऱ्यांना विचारलं, "काका, तुम्हीही जाणार परदेशी?" ते म्हणाले, "नाही. मला एका खोलीत ठेवणार आहेत, संस्थेत. तिथे खाट देतात, पण सोफा मावत नाही म्हणे." आणि सोफ्याच्या हातावरून हात फिरवत राहिले.

भाव चांगला मिळत होता. भाऊजी आयुष्यात पहिल्यांदा हो म्हणणार होते, मी बघितलं, ओठांवर आलं होतं. ताई म्हणाली, "मला नको हा." आणि जाऊन टेम्पोत बसली. परत येताना भाऊजी सबंध रस्ता धुमसत होते, "आलेला सौदा घालवला. त्या म्हाताऱ्याचं तुला काय पडलं होतं?" ताईने खिडकीतून बाहेर बघितलं. त्या म्हाताऱ्याचं तिला काय पडलं होतं, हे मला कळलं. भाऊजींना नाही कळलं.

त्यानंतर ताई एकटीच दुकानात जायला लागली. पलीकडच्या चौकात मोठं दुकान आहे, तिथे. घ्यायला नाही… बसायला. दुपारची कामं आटोपली की पिशवी घेऊन निघायची, खिडकीजवळचा एक राखाडी सोफा होता त्यावर बसायची. पहिल्यांदा दुकानातली मुलगी पुढे आली, "मावशी, काय दाखवू?" ताई म्हणाली, "काही नको. जरा टेकते." पुढे पुढे ती मुलगीच पाणी आणून द्यायची. एकदा मी ताईला घ्यायला गेलो तर मुलगी दारातच म्हणाली, "मावशी ना? नेहमीच्या जागी आहेत." नेहमीच्या जागी. माझ्या बहिणीला या जगात बसायला हक्काची जागा कुठे, तर परक्याच्या दुकानात, भावाचा कागद चिकटवलेल्या सोफ्यावर.

भाऊजींना सांगितलं मी. धीर करून सांगितलं. म्हणाले, "उत्तम! बसून बघू दे. टिकाऊपणा कळेल."

मग एक दिवस ती घरात पडली. म्हणजे पडली असंही नाही, सतरंजीवर भाजी निवडायला बसली ती उठताच येईना. गुडघा अडकला. भाऊजी कुठल्याशा फर्निचरच्या प्रदर्शनाला गेले होते, पहिल्या दिवशी भाव कमी असतात ना. ताई भिंतीला धरून बघते, ओट्याला धरून बघते, नाही. हाक मारून बघितली, शेजारचं दार बंद. बसून राहिली. किती वेळ, ते तिने कधी सांगितलं नाही. भाऊजी आले, घामेजलेले, खुशीत. तिला खाली बसलेली बघितली आणि म्हणाले, "अरे वा, बसलीच आहेस ना? हे बघ." आणि तिच्यापुढे जमिनीवर सगळी सवलतीची पत्रकं मांडली. एकेक. पत्त्यांसारखी.

हे पत्रकांचं मला ताईने सांगितलं नाही, भाऊजींनीच सांगितलं. कौतुकाने. "तुमच्या बहिणीने एकाही पत्रकाकडे बघितलं नाही हो, तिला खरेदीची आवडच नाही." मी म्हटलं, हो भाऊजी.

दुसऱ्या दिवशी ताई दुकानात गेली आणि उठली नाही. संध्याकाळ झाली, दिवे लागले, मुली शटरकडे बघायला लागल्या. मला फोन आला, मी भाऊजींना घेऊन पोचलो. भाऊजी म्हणाले, "अगं, चल घरी."

"मी येत नाही."

"येत नाही म्हणजे?"

"म्हणजे बसलेय."

"लोक बघतायत."

"बघू देत," ताई म्हणाली, "इतकी वर्षं उभी होते, तेव्हा कुणी बघितलं नाही."

मला वाटलं, झालं. आता भाऊजी विरघळणार. आता म्हणणार, घ्या हो, बांधा तो सोफा, हवा तो भाव घ्या. दुकानाचे मालक पुढे आले, चष्मा कपाळावर, दमलेले. भाऊजींनी त्यांना बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे दोन पावलं, आम्हाला सगळं ऐकू येत होतं. म्हणाले, "असं बघा, हा सोफा आता नवा राहिलेला नाही. वापरलेला आहे. वापरलेल्याचा भाव लावा."

मालक म्हणाले, "कुणी वापरला?"

"आमच्या हिने."

ताई रडली नाही, चिडलीही नाही. इतक्यांदा समजावूनही पोराचं तेच गणित चुकलं की बाई बघते ना पोराकडे, तशी बघत राहिली.

मालकांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. मग म्हणाले, "साहेब, खरं सांगू का, हा सोफा मी विकायलाच तयार नाही. बाई इथे बसतात म्हणून माझा माल खपतो. आमच्या मुली घसा फोडून सांगतात, त्यांच्यावर कुणाचा विश्वास नाही. गिऱ्हाईक येऊन यांना विचारतं, मावशी, बरा आहे का हो? आणि या सांगतात, याची बैठक खोल आहे, उठताना त्रास होईल, तो पलीकडचा घ्या. की घेतलाच पलीकडचा." आणि ताईकडे वळून म्हणाले, "बाई, तुम्ही नोकरीच करा ना आमच्याकडे. बसूनच काम आहे."

बसून काम. ताईला कुणी तरी बसून काम देत होतं. तिचा चेहरा असा झाला, की मी दुसरीकडे बघितलं. ती काही बोलणार, त्याच्या आत भाऊजी बोलले.

"कर्मचाऱ्यांना सवलत असते का?"

होती. चांगली होती. पण नोकरी पक्की झाल्यावर. मग काय विचारता, भाऊजी रोज ताईला स्वतः दुकानापर्यंत सोडायला लागले, डबा भरून द्यायला लागले, "दांडी मारू नकोस, थोडे दिवस थांब, भाव उतरेल." आणि तुम्हाला सांगतो, उतरला. खरंच उतरला. झीज झालेल्या गुडघ्यांनी म्हातारपणी माझी बहीण पुन्हा कामाला लागली, तेव्हा कुठे उतरला. माझ्याच टेम्पोतून आला तो राखाडी सोफा, मीच जिन्यातून वर चढवला, खिडकीपाशी लावला. भाऊजींनी अख्ख्या इमारतीला बोलावून भाव सांगितला. म्हणाले, "थांबली म्हणून मिळाला. बायकांना थांबायची सवय लावावी लागते." मी? हो भाऊजी म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

परवा दुकानावरून चाललो होतो, आत डोकावलो. ताई दुसऱ्या एका सोफ्यावर बसली होती, एका नव्या जोडप्याला काहीतरी समजावत. ते गेल्यावर मी म्हटलं, "ताई, सोफा घरी आला ना आता. सोड की ही नोकरी. घरी बस आरामात."

ती म्हणाली, "घरी कुठे बसू रे? पलंग यायचाय अजून. तोवर हे सोफ्यावर आडवे असतात."