व्यवस्थित घोरतात!

…आणि वर मलाच विचारते, "माझं काय चुकलं?" ऐकलंत? काय चुकलं म्हणे! अगं, भरल्या हॉलमध्ये, माइक हातात घेऊन, माझ्या साहेबांसमोर, माझ्याबरोबरच्या सगळ्या ड्रायव्हरांसमोर, त्यांच्या बायकांसमोर माझ्या हातातली गाडी घालवलीस तू, आणि काय चुकलं? तुम्हाला सांगतो, बाहेरच्यानं केलं असतं ना, तर चार शिव्या हासडल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. पण घरच्या माणसानं?

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल हा गृहस्थ बायकोच्या चहाड्या करत फिरतो. मी ट्रेलर चालवतो. लांब पल्ल्याचा. कधी लोखंडी पाइप, कधी कुठल्या कारखान्याचं अख्खं धूड यंत्र, घेऊन जायचं, उतरवायचं, परत यायचं. आजवर कुणाच्या आरशाला खरचटलेलं नाही! रिव्हर्समध्ये गाडी अशी लावतो धक्क्याला, की हमाल हातातला चहा ठेवून बघायला येतात. ती गाडी म्हणजे माझं दुसरं घर… दुसरं कसलं, पहिलंच! कारण तिथं माझं ऐकलं जातं.

तर आमच्या कंपनीत सेफ्टीचे नवे साहेब आले. आम्ही त्यांना हेल्मेट म्हणतो, कारण ते ऑफिसात, पंख्याखाली, खुर्चीत बसूनसुद्धा हेल्मेट घालतात. तोंडावर साहेबच म्हणतो हं. माणूस वाईट नाही, पण नियमाला इतका पक्का, की खुर्चीवरून उठतानासुद्धा आधी मागं वळून बघतो. त्यांनी आल्या आल्या केबिनमध्ये कॅमेरे बसवले. रस्त्याकडे तोंड करून नव्हे, माझ्याकडे तोंड करून! डोळे मिटले की त्यातली बाई बोलते, "कृपया विश्रांती घ्या." मी म्हटलं, साहेब, माझे डोळेच बारीक आहेत, नुसतं हसलो तरी मिटतात. तर म्हणतात, "मग हसू नका." बोला आता!

तेही सोसलं. यंत्रच ते, त्याला काय कळतं? पण मग साहेबांच्या डोक्यात आलं, की गाडीतलं कॅमेऱ्याला दिसतं, घरातलं कुणाला दिसतं? दोन ट्रिपांच्या मधे ड्रायव्हरनं झोप घ्यायची असा कायदा आहे, पण तो घेतो की नाही ते कुणाला ठाऊक? घरच्यांना! म्हणून घरच्यांचा मेळावा. चहा, बिस्किटं, खुर्च्यांना पांढरे कपडे, भिंतीवर हा एवढा मोठा फलक, 'थकवा लपवू नका'. आणि प्रत्येकाच्या बायकोला, आईला, जे कोण आलं असेल त्याला माइकवर एकच प्रश्न, "यांची झोप कशी आहे?"

आता आम्ही काय काल जन्माला आलो? सगळ्यांनी आपापल्या घरी तयारी करून घेतली. मीसुद्धा आदल्या दिवशी जेवताना हिला म्हटलं, "हे बघ, भाषण करायचं नाही. एकच शब्द. व्यवस्थित. म्हण बघू." ही म्हणाली, "व्यवस्थित." "परत म्हण." "अहो, व्यवस्थित! मी काय बालवाडीत आहे?" आमची मुलगी, चांगली नोकरी करते पण जिभेनं थेट आईवर गेलीय, ती म्हणाली, "बाबा, आईचं पाठ झालं, आता तुम्ही जेवा." मी जेवलो, निश्चिंत. गाढव होतो मी, गाढव!

मेळाव्यात पहिली बॅटरीची बायको. बॅटरी म्हणजे आमच्यातलाच एक ड्रायव्हर, कधीही विचारा कसा आहेस, याचं उत्तर ठरलेलं, "फुल चार्ज!" त्याची बायको उभी राहिली, घसा खाकरला आणि शाळेत कविता म्हणतात तशी एका दमात, "आमच्या यांची झोप अतिशय शांत असते धन्यवाद." टाळ्या! दुसरी म्हणाली, "बाळासारखे झोपतात." टाळ्या! एकाची आई आली होती, बिचारीला ऐकू कमी येतं, ती म्हणाली, "हो हो, पोटभर जेवतो." तिलाही टाळ्या!

मग आमची ही. हेल्मेट म्हणाले, "वहिनी, यांची झोप कशी आहे?" ही म्हणाली, "व्यवस्थित." हां! मी मान डोलावली. झालं काम, आता दे तो माइक आणि बस खाली… पण माइक सोडतेय कुठली! चारी बाजूंना बघितलं, हसली, आणि म्हणते कशी, "व्यवस्थित घोरतात!"

अहो, हॉल फुटला हसून! आणि लोक हसताहेत म्हटल्यावर हिला काय चेव चढला! "कसे, दाखवू?" म्हणाली, आणि माइकवर माझं घोरणं करून दाखवलं! "खर्रर्रर्र… खॉऽऽर्र… फुस्स… खर्रर्रर्र…" स्पीकरमधून! भिंतीवरचा फलक थरथरला! माझी सख्खी मुलगी तोंडात रुमाल कोंबून हसतेय, बॅटरी मांड्या बडवतोय, मी खुर्चीखाली चप्पल शोधतोय… आणि ही एकदम गप्प. माइक तोंडापाशी, डोळे मिटलेले, आवाज नाही. लोकांना वाटलं, विसरली. हॉलही गप्प. आणि मग एकदम, "घॅऽऽक्!" आणि परत, "खर्रर्रर्र…" नाक कापलं हो माझं! आणि कुणी कापलं? घरच्या माणसानं!

सगळे हसले, पण हेल्मेट हसले नाहीत. त्यांनी चक्क हेल्मेट काढलं. त्या दिवशी आम्हाला कळलं, की साहेबांना भरपूर केस आहेत. म्हणाले, "वहिनी, तुम्ही मधे थांबलात, ते काय होतं?" ही म्हणाली, "ते ना? मधे श्वास थांबतो यांचा. मग मी कोपरानं ढोसते. मग येतो परत." असं! उतू जाणाऱ्या दुधाखालचा गॅस बंद करते म्हणावं, इतक्या सहज!

दुसऱ्या दिवशी गेटवरच अडवलं मला. "किल्ली द्या. झोपेच्या डॉक्टरांना दाखवा, त्यांनी हो म्हटलं की गाडी." मी म्हटलं, साहेब, बाईमाणूस, जरा गंमत केली तिनं. तर म्हणाले, "हे बघा, कालपर्यंत मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं. ठाऊक झालेलं मला परत विसरता येत नाही. उद्या काही झालं तर कायदा मला विचारेल, तुम्हाला माहीत होतं ना, मग गाडी कशी दिलीत? तेव्हा मी काय सांगू, वहिनी गंमत करत होत्या?"

आणि माझी गाडी दिली कुणाला? बॅटरीला! मी यार्डाच्या कुंपणाशी उभा राहून बघत होतो. चढला, बसला, आणि पहिलं काय केलं? सीट पुढं ओढली! किती वर्षं खपून बसवली होती ती सीट मी, माझ्या कमरेला जशी लागते तशी… ओढली पुढं! वर खिडकीतून मला हात केला, "काळजी करू नकोस, फुल चार्ज!" केसानं गळा कापतात तो असा.

मी गेलो तरातरा हेल्मेटकडे. म्हटलं, मी गाडीत झोपलोय कधी? दाखवा! तर माणसानं खरंच दाखवलं हो. कॉम्प्युटर फिरवला माझ्याकडे. कॅमेऱ्यातलं चित्र. मी बसलोय, स्टेअरिंग हातात, डोळे मिटलेले. म्हटलं, साहेब, हसत असेन. तर म्हणाले, "तेच आम्हालाही वाटायचं. तुम्ही सांगितलंत ना, डोळे बारीक आहेत, हसलो की मिटतात. म्हणून तुमच्या गाडीतून इशारा आला की आम्ही सोडून द्यायचो. काल वहिनी बोलल्या, मग सगळे काढून बघितले." चित्र पुढं सरकलं. नदीवरचा पूल. गाडी हळूहळू पांढरी रेघ ओलांडून पलीकडं चाललीय, समोरून पाववाल्याचा टेम्पो येतोय, आणि ती यंत्रातली बाई ओरडतेय, "कृपया विश्रांती घ्या! कृपया विश्रांती घ्या!" आणि मी डोळे मिटून तिला काय म्हणतोय? "हो गं, हो गं…"

टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला म्हणून वाचलो आम्ही दोघं. मला तो टेम्पो आठवेना. हॉर्न आठवेना. अहो, पूल आठवेना! रोजचा पूल माझा, गेला कुठं? त्या खुर्चीवरून उठताना मी हेल्मेटसारखं आधी मागं वळून बघितलं.

पण घरी आलो आणि परत टाळकं सटकलं. म्हटलं, तुला माझ्या कानात सांगता येत नव्हतं? माइकच कशाला लागतो? तर ही भांडी घासता घासता म्हणाली, "कानात सांगून दमले मी. दरवेळी तुमचं एकच, मी घोरत नाही, तुला भास होतात." म्हणजे ठरवून! गंमतबिंमत काही नाही, ठरवून गेली होती बाई! "व्यवस्थित" म्हणून मला झोपवलं आणि मग कार्यक्रम केला! मी म्हटलं, "गाडी गेली माझी, कळतंय का तुला?" तेव्हा मात्र तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. म्हणाली, "घरी असता तेव्हा मी ढोसते. ट्रिपवर गेलात की गाडीत मागच्या फळीवर एकटे झोपता, तिथं कोण ढोसतं? तुम्ही बाहेर असलात की माझं कोपर जागं असतं, कळतंय का तुम्हाला?" आणि रडायला लागली.

मला राग आला होता, पुरता आला होता, आणि तो ठेवायला घरात जागाच उरली नाही. मी आपला डॉक्टरकडे गेलो.

झोपेचा डॉक्टर! झोपेला डॉक्टर असतो हे तुम्हाला माहीत होतं? त्यानं माझ्या डोक्याला, छातीला, बोटाला वायरी चिकटवल्या आणि म्हणाला, "झोपा आता निवांत." झोपा निवांत! अरे, माझी वायरिंग केलीस तू! झोपलो कसाबसा. निकाल काय, तर हिनं माइकवर केलं होतं तेच, शब्दशः, "घॅक्"सकट. डॉक्टर म्हणाला, "श्वास थांबतो, मेंदू घाबरून उठवतो, तुम्हाला पत्ता नसतो. तुम्ही पडून असता, झोपलेले नसता. ती झोप मग गाडीत वसूल होते." आणि एक यंत्र दिलं. नाकावर मास्क, मास्कला नळी, नळीला डबा. घालून आरशात बघितलं तर सोंड फुटल्यासारखा दिसत होतो. मुलगी म्हणाली, "बाबा, छान दिसतंय, चेहरा बराचसा झाकला जातो."

पण तुम्हाला सांगतो, काय झोपलो! उठलो तर डोकं असं हलकं, की हात लावून बघितलं, आहे ना जाग्यावर. खोलीत ऊन आलेलं. आणि एक भलताच आवाज. मला वाटलं, खाली कुणीतरी जुना डंपर चालू ठेवलाय. खिडकीतून वाकलो. डंपर नाही. वळून बघतो तर… ही! माझ्याआधी उठायची बाई ती, आणि त्या उन्हात, तोंड उघडं टाकून, हात पसरून… खर्रर्रर्र!

मी पळत मुलीकडे. म्हटलं, "अगं, तुझी आई घोरतेय! इतकी वर्षं संसार केला, कधी घोरली नाही!" मुलगी चहा पीत होती. म्हणाली, "बाबा, घोरायला आधी झोपावं लागतं."

हसली नाही ती हे बोलताना. मी परत आत गेलो. माझाही श्वास थांबायचा ना, म्हणून कोपर तयार ठेवून तिच्या कडेला बसलो, हिचा थांबला की ढोसतो म्हणून. थांबतच नाही! एकसारखं, संथ, चढावर पहिल्या गिअरमध्ये गाडी जाते तसं. मनात म्हटलं, आता सापडलीस! आता पुढच्या मेळाव्यात माइक माझ्या हातात! सूडच घेतो! वाटलं, निदान एकदा तरी ढोसावं, माझे पण काही हक्क आहेत… कोपर पुढं नेलं. नाही ढोसवलं हो. इतक्या वर्षांची झोप होती ती, मोडायची कशी?

गाडी मिळाली मला परत. डॉक्टरनं हो म्हटलं, हेल्मेटनी किल्ली दिली, बॅटरीच्या घरी आता त्याची बायको खरं बोलायला लागलीय म्हणून तो डॉक्टरकडे रांगेत आहे. सगळं छान. फक्त एकच झालंय. ट्रिपच्या आधी पुरती झोप घ्यायची हा नियम, आणि घरी त्या डंपरशेजारी मला झोप लागत नाही! म्हणून परवा दुपारी उशी, चादर, सोंडेचा तो डबा, सगळं काखोटीला मारून यार्डात गेलो आणि माझ्या गाडीच्या दारावर चढायला लागलो, तर मागून हेल्मेट. "काय हो? तुमची ट्रिप तर उद्या आहे!"

"झोपायला आलोय, साहेब."

"गाडीत? घरी काय झालं?" आणि कानच टवकारले त्यांनी. आता बघा, माइक नव्हता, पण माणूस समोर होता. एका शब्दात फेड झाली असती सगळ्याची! ओठावर आलं होतं माझ्या, तुम्हाला सांगतो, अगदी ओठावर आलं होतं…

म्हटलं, "काही नाही, साहेब. घरी ही झोपलीय."