अडकलेली चौदा पत्रं

मेहुणी : एकही परत आलं नाही, भाऊजी. मग मी काय समजायचं? पोचलं असंच ना?

भाऊजी : पोचली होती. याच मशीनपर्यंत. चौदाच्या चौदा.

मेहुणी : मग ताईला का नाही मिळाली?

भाऊजी : बस आधी. ती खुर्ची घे. हलते, पण पडत नाही.

मेहुणी : खुर्चीचं राहू द्या. सात महिने झाले तिला जाऊन आणि तुम्ही आज फोन करून सांगता, पत्रं सापडली.

भाऊजी : सांगतो. कॉलेजचा सगळा मेल इथून जातो. सॉफ्टवेअर फुकटातलं, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं. कुणीही उघडावं, आपल्याला हवं तसं बदलावं. पत्र आलं की आधी व्हायरस आहे का बघतं. मग फालतू जाहिरात वाटते का, त्याचे गुण देतं. पाचाच्या वर गुण गेले की अडकवून ठेवतं, पेटीत जाऊ देत नाही.

मेहुणी : माझी पत्रं फालतू वाटली त्याला?

भाऊजी : त्याला नाही वाटली. मी वाटायला लावली. तिचं निदान झालं आणि कुठून कळलं देव जाणे, रोज दहा-दहा पत्रं यायला लागली. कॅन्सर चाळीस दिवसांत बरा. कॅन्सरवर चूर्ण. ती वाचत बसायची. एकदा चूर्ण मागवायला पत्ता उतरवून घेताना बघितलं मी.

मेहुणी : ताई? लायब्ररीत बसून अख्ख्या कॉलेजला पुस्तकं काढून दाखवायची, हे बघा, असलं काही खरं नसतं म्हणून.

भाऊजी : घाबरली होती गं. मग मी तिच्या पेटीला नियम घातला. त्या एका शब्दाला दहा गुण. तुझ्या पहिल्या पत्राचा विषय काय होता?

मेहुणी : ‘कॅन्सरवाल्या बाईसाहेबांना सप्रेम.’ लहानपणी तिला गोवर आला, तेव्हा मी तिला गोवरवाल्या बाईसाहेब म्हणायचे. हसेल म्हणून लिहिलं.

भाऊजी : आणि पुढची सगळी त्यालाच जोडून लिहिलीस. विषय तोच राहिला.

मेहुणी : मला तेवढंच येतं. जुनं उघडायचं, त्यावरच पुढचं लिहायचं. पण अडकवलं म्हणून त्यानं मला कळवायचं तरी.

भाऊजी : तेही मीच बंद केलेलं. उलट निरोप गेला की जाहिरातवाल्याला कळतं, पत्ता खरा आहे.

मेहुणी : वा. हुशार आहात.

भाऊजी : अडकलेल्यांची यादी मी रोज सकाळी बघायचो. सगळ्या कॉलेजची. चुकून अडकलेलं ज्याच्या त्याच्या पेटीत सोडायचो. तिची तेवढी उघडली नाही. तो शब्द खालपर्यंत ओळीनं दिसायचा. धीर झाला नाही. आता नवं मशीन लावायचं म्हणून जुन्यातलं काढत होतो, तर मंगळवारी तुझं नाव दिसलं.

मेहुणी : मला वाटलं, ऑपरेशनला आले नाही म्हणून रुसली. तिचा आवाज गेला, फोन बंद झाला, तेव्हा मीच म्हटलं होतं, मी लिहीन. एक उत्तर नाही. शेवटचे दोन महिने मीही लिहिलं नाही. मरणाऱ्या माणसावर रागावून बसले मी, भाऊजी.

भाऊजी : चौदा लिहिलीस. कुणी लिहितं एवढी?

मेहुणी : ती विचारायची?



भाऊजी : पाटीवर लिहून. ‘धाकटीचं काही?’ मी म्हणायचो, तिला घरातलं आवरत नसेल. तीन-चारदा विचारलं. मग नाही विचारलं.

मेहुणी : मला खोटं सांगितलं असतंत तरी चाललं असतं.

भाऊजी : तू येईपर्यंत तेच ठरवलं होतं. जमलं नाही.

मेहुणी : चूर्ण खरंच मागवणार होती?

भाऊजी : हो.

मेहुणी : मग मीही अडवलं असतं. तुमच्यासारखं जमलं नसतं, पण अडवलं असतं.

भाऊजी : जुनं मशीन आज बंद होईल. ही तुला परत पाठवतो. तुझी आहेत.

मेहुणी : मला काय करायची? मीच लिहिली, मला पाठ आहेत. नव्या मशीनवर तिची पेटी आहे?

भाऊजी : आहे. प्राचार्य म्हणाले होते, गेलेल्या माणसांच्या पेट्या घेऊ नका. मी घेतली.

मेहुणी : मग तिथं सोडा.

भाऊजी : आणि वाचणार कोण?

मेहुणी : तुम्ही. तिसऱ्या पत्रात तुमच्या स्वयंपाकाबद्दल बरंच आहे. वाईट वाटून घेऊ नका.

भाऊजी : सोडली. व्हायरस आहे का बघेल, मग जातील... आली बघ. चौदा, न वाचलेली.

मेहुणी : मोठ्यानं वाचा.

भाऊजी : वेळ लागेल गं.

मेहुणी : लागू द्या. नंतरच्या बसनं जाईन.