रबर पाडायची पाळी

धंतोलीतल्या दातांच्या दवाखान्यात धनश्रीबाईंचा नंबर यायला अजून वेळ होता. मांडीवर चमकीच्या ताऱ्यांचं कोरं पाकीट होतं, आजच सीताबर्डीतून आणलेलं. सोमवारपासून त्यांच्या तिसरीच्या वर्गात जो चांगलं वागेल, त्याच्या नावापुढे तारा लागणार होता. शेजारच्या बाकावर एक म्हातारा आपल्या नातीचं मन रमवत होता.

"शाळेत किती तारे झाले वं तुले, पिंकी?"

"अकरा! सगळ्यात जास्त माझे अन् मेघाचे."

"असं काय करून राहिल्या तुम्ही दोघी?"

"मेघाचं रबर पडलं का मी उचलून देते. मॅडम मले तारा देते. दुसऱ्या दिवशी माझं पडते, मंग मेघा उचलते."

"रोजच कसं काय पडते?"

"पाडा लागते ना, आबा! आज माझी पाळी होती पाडायची, अन् तू मले इथं घेऊन आला."

"बाप्पा!"

पाकिटावरून फिरणारा धनश्रीबाईंचा हात थांबला.

"अन् सगळ्यात कमी कोणाले?"

"प्रीतमले. एकबी नाही. काल त्यानं पहिलीतल्या एका पोरीच्या बुटाची लेस बांधून देल्ली. मी पाहिलं."

"मंग मॅडमले काहून नाही सांगितलं त्यानं?"

"तेच तर! मी म्हटलं त्याले, मॅडम नव्हती, सांगाचंबी नव्हतं, मंग बांधली काहून?"

"मंग काय म्हणे?"

"म्हणे, सुटली होती ना."