झोपाळ्याच्या कड्यांना दोन तारा

मधू : आणि झोपाळा?

उमा : अंगणात. अण्णाभावजींनी उतरवला. तारा टांगायला कड्या हव्या होत्या ना.

मधू : मी कर्जतच्या शाळेत विज्ञान शिकवतो, आणि खोपोलीच्या पॉवरहाउसातून मोटारीची बॅटरी घेऊन हा माझ्या घरी येतो. नेमका मी नसताना.

उमा : तुमचा वर्गमित्र आहे. बघा तर, कळ दाबते. चिकटल्या! दोघींतून प्रवाह एकाच दिशेनं गेला, की ओढतात एकमेकींना. फार वेळ नाही हं ठेवायच्या, तापतात.

मधू : का ओढतात?

उमा : प्रत्येकीभोवती चुंबकत्वाची वर्तुळं असतात म्हणे.

मधू : कोण म्हणे?

उमा : अण्णाभावजी म्हणे. आता ही खालची टोकं एकमेकांना जोडली, की एकीतून खाली, दुसरीतून वर. झाल्या दूर.

मधू : अशाच राहू देत. तो कुठं बसला होता?

उमा : बॅटरीच्या पलीकडे.

मधू : तू?

उमा : अलीकडे.

मधू : अंतर किती?

उमा : सासूबाईंना विचारा. त्या मधोमध गहू निवडत होत्या.

मधू : आईला दिसतं कुठं! हसलीस का गं त्याच्यापुढे?

उमा : तार हलली तेव्हा हसले. सासूबाईही हसल्या. एक गहू उडाला.

मधू : तारा त्यानं आणल्या?

उमा : नाही, तुमच्या ट्रंकेतल्या. शाळेच्या. भावजी बॅटरी उतरवायला गेले, तेवढ्यात मी टोकांवर गुंडाळलेलं सूत विळीवर खरवडून काढलं.

मधू : सूत काढायचं असतं?

उमा : नाहीतर प्रवाह जाणार कसा? तुमच्याच पुस्तकात आहे, पान चौऱ्याऐंशी. पान अजून कापलेलंच नव्हतं, सुरीनं सोडवलं मी.

(मधू मटकन बसतो. झोपाळा नसल्यामुळे जमिनीवर.)

मधू : उमा, तीन वर्षं मी वर्गात म्हणतोय, मुलांनो, बारकाईनं पाहा, तार हलली.

उमा : आणि मुलं?

मधू : म्हणतात, होय मास्तर, हलली. एकाला तर चक्कर आली.

उमा : उठा. धोतर मळेल.

मधू : अण्णाला कळलं का हे? खरं सांग. तो पॉवरहाउसात चिकटल्यापासून मला नीट जेवण जात नाही.

उमा : विचारलं त्यांनी, वर्गात दाखवतात का हा प्रयोग, म्हणून.

मधू : मग?

उमा : म्हटलं, दाखवतात की. वर्गात तर तारा अशा घट्ट चिकटतात, की दोन मुलांना धरून सोडवाव्या लागतात.